वस्तू कुणाकडून आली, तेवढं लिहून ठेवा

प्रति,
ऑनलाइन गेम बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या सर्व कंपन्या

विषय : नावाजलेल्या खेळाडूंच्या आभासी वस्तूंच्या मालकीची नोंद जपण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या गेममधल्या वस्तू जमवतो. एखाद्या नामवंत खेळाडूच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे गेममधल्या साठ्यात, एकेकाळी होत्या, अशाच. त्यात बंदुकांच्या स्किन, म्हणजे बंदुकीवरची रंगसजावट, आहेत, टोप्या आहेत, सही केलेली पुस्तकं आहेत, आणि एका गेममधले गोठलेले मृतदेहसुद्धा आहेत. त्यांच्याविषयी पुढे सांगतो. हा छंद असणारे लोक जगभर आहेत. आम्ही एकमेकांच्या वस्तू पाहतो, एकमेकांचे पुरावे तपासतो, आणि वर्षानुवर्षं एकाच अडचणीशी येऊन थांबतो. म्हणून हे पत्र.

मागणी आधीच सांगून टाकतो. वस्तू एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते तेव्हा तुमच्या सर्व्हरवर त्याची नोंद होते. ती नोंद वस्तूबरोबर पुढे जाऊ द्या, आणि ज्या खेळाडूची हरकत नसेल त्याचं नाव तिथे वाचता येऊ द्या.

सध्या हे काम कसं चालतं ते पाहा. माझ्याकडे काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेममधली एक एके-४७ आहे. स्किन रेडलाइन नावाची, फील्ड-टेस्टेड म्हणजे मध्यम झिजलेली, बाजारात ढिगाने मिळणारी. तिच्यावर चार स्टिकर आहेत आणि त्यातला एक अर्धवट खरवडलेला आहे. ती एका नावाजलेल्या खेळाडूची होती, असं मला देणाऱ्याने सांगितलं. तोंडी सांगण्यावर या छंदात कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून मी त्या खेळाडूच्या जुन्या सामन्याची डेमो फाइल, म्हणजे गेममध्येच पुन्हा पाहता येणारं सामन्याचं मुद्रण, शोधली. काउंटर-स्ट्राइक २ आल्यापासून जुन्या डेमो नव्या गेममध्ये उघडत नाहीत, त्यासाठी गेमची जुनी आवृत्ती वेगळी उतरवावी लागते. ती उतरवली, कॅमेरा त्याच्या नजरेतून लावला, आणि त्याने बंदूक हातात फिरवून पाहिली त्या क्षणाला थांबवलं. तेच चार स्टिकर, त्याच क्रमाने. खरवड तितकीच. रंग उडाल्याच्या खुणा त्याच जागी.

माझी खात्री पटली, पण जगाची पटवायला हे पुरत नाही. प्रत्येक स्किनला झिजेचा एक आकडा असतो, शून्य ते एकच्या मधला, लांबलचक अपूर्णांकात लिहिलेला. त्याला आम्ही फ्लोट म्हणतो. तो एकदा ठरला की कितीही खेळा, बदलत नाही. नमुन्याचा क्रमांकही तसाच कायम राहतो. या दोन आकड्यांवरून एक स्किन दुसऱ्या स्किनपासून ओळखता येते, आणि उत्साही मंडळींनी त्यांच्या याद्या स्वतःच्या खर्चाने करून ठेवल्या आहेत. मात्र वस्तूचा आयडी प्रत्येक ट्रेडनंतर, म्हणजे देवाणघेवाणीनंतर, बदलतो, त्यामुळे ती कुठून कुठे गेली हा माग बाहेरच्या माणसाला सलग सापडत नाही. ज्या काळात कुणी यादी करत नव्हतं, त्या काळातले दुवे तर कायमचे तुटलेलेच आहेत. त्यात स्टीमवर, म्हणजे ही खाती जिथे असतात त्या सेवेवर, प्रोफाइलचं नाव आणि चित्र कुणालाही, केव्हाही, हवं तसं बदलता येतं. नामवंत खेळाडूचं नाव आणि चित्र लावून ‘ही माझीच जुनी नाइफ’ म्हणणारे किती जण असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

आणखी एक गुंता आहे, आणि तो संग्राहक सोडले तर फार कुणाच्या लक्षात येत नाही. व्यावसायिक खेळाडू स्पर्धेत पुष्कळदा उसन्या स्किन वापरतात. एखादा व्यापारी किंवा ओळखीचा संग्राहक महागडी स्किन काही दिवसांसाठी देतो, ती पडद्यावर लाखो लोक पाहतात, आणि स्पर्धा संपली की परत जाते. मग ती बंदूक त्या खेळाडूची म्हणायची का? माझ्या मते म्हणायची, पण ‘मालकीची’ म्हणून नाही, ‘वापरलेली’ म्हणून. या दोहोंत मला दुसरीचं मोल अधिक वाटतं. खेळाडूच्या खात्यात वर्षभर पडून राहिलेल्या स्किनपेक्षा, एका रात्री उसनी घेऊन अंतिम फेरीत चाललेली स्किन मी आधी घेईन. पण हा फरक सांगायचा तर तारखा हव्यात. खात्यात आली कधी, गेली कधी. त्या तारखा फक्त तुमच्याकडे आहेत.

आहेत हे मी अंदाजाने म्हणत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये काउंटर-स्ट्राइकचा एक सामना ठरवून हरला गेला. त्यावर पैजा स्किनच्या लागल्या होत्या, आणि जिंकलेल्या स्किन फिरून संबंधितांकडेच पोचल्या. जानेवारी २०१५ मध्ये हा गेम बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने त्या खेळाडूंवर बंदी जाहीर केली, तेव्हा खात्यांचा मागचा व्यवहार तपासून, कुणाच्या वस्तू कुणामार्फत कुणाकडे गेल्या हे पाहिल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं. म्हणजे वस्तूचा प्रवास काढता येतो. शिक्षा करायला जो माग उपयोगी पडला, तोच आठवण जपायलाही उपयोगी पडेल.

आठवणीचं मोल लोक किती लावतात, त्याचं गाजलेलं उदाहरण २०१८ च्या जानेवारीतलं आहे. बोस्टनच्या ईलीग मेजरमध्ये क्लाउड९ हा संघ जिंकला (मेजर म्हणजे काउंटर-स्ट्राइकची सर्वांत मानाची स्पर्धा), मेजर जिंकणारा उत्तर अमेरिकेचा पहिला संघ. स्काडूडल हा त्याच संघाचा खेळाडू. त्याच्या सहीचा सोनेरी स्टिकर असलेली सुव्हेनिर ड्रॅगन लोर, म्हणजे एडब्ल्यूपी या स्नायपर बंदुकीची एक स्किन, त्याच सुमारास ६१ हजार डॉलरच्या वर विकली गेली. पण ती एडब्ल्यूपी स्काडूडलच्या हातात कधीच नव्हती. सुव्हेनिर पॅकेज सामना पाहणाऱ्या प्रेक्षकाला मिळायचं, त्यातून बंदूक निघायची, आणि राउंड गाजवणाऱ्या खेळाडूची सही तिच्यावर आपोआप यायची. ही योजना मला मनापासून आवडते. सामन्याचा क्षण वस्तूत बांधून ठेवण्याची ती फार चांगली रीत आहे. पण विचार करा, ज्या बंदुकीला त्याचा स्पर्शही नाही तिच्यावर त्याचं नाव कायमचं कोरलेलं, आणि ज्या बंदुकांनी तो रोज खेळला त्यांच्यावर त्याचं नावनिशाण नाही! एखाद्या क्रिकेटपटूची सही असलेली दुकानातली नवी बॅट काचेच्या कपाटात ठेवायची आणि त्याने शतक ठोकलेली बॅट कुठे गेली याचा पत्ता नाही, तसं हे झालं.

काही गेमनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे, तेही कसलाही गाजावाजा न करता. १९९६ पासून पोकेमॉनमध्ये प्रत्येक पोकेमॉनबरोबर त्याच्या मूळ ट्रेनरचं नाव आणि क्रमांक राहतो. दहा जणांच्या हातांतून गेला तरी पहिल्याचं नाव पुसत नाही. टीम फोर्ट्रेस २ मध्ये वस्तू गुंडाळून भेट दिली की देणाऱ्याचं नाव तिच्यावर उमटतं.

माइनक्राफ्टमधलं पुस्तक तर मला सगळ्यांत देखणं वाटतं. कोरं पुस्तक आणि पीस घ्यायचं, पानं लिहायची, आणि सही करायची. सही केली की मजकूर गोठतो, लेखकाचं नाव शीर्षकाखाली येतं आणि कुणालाच ते बदलता येत नाही. त्याची नक्कल करता येते, पण नकलेवर स्पष्ट लिहून येतं की ही मूळ प्रतीची प्रत आहे. त्या नकलेची पुन्हा नक्कल केली तर तिच्यावर ‘प्रतीची प्रत’ असं येतं, आणि तिथून पुढे नक्कल होतच नाही. म्हणजे मूळ कोणतं हा वादच राहत नाही. माझ्याकडे एका जुन्या, नावाजलेल्या बिल्डरने लिहिलेलं असं एक पुस्तक आहे. मजकूर अगदी साधा आहे, खाणीत कुठल्या वळणावर लाव्हा आहे याच्या सूचना, बस्स. पण वर ‘मूळ प्रत’ लिहिलंय. मी कुणालाही ते दाखवू शकतो आणि मला एक शब्दही बोलावा लागत नाही.

आता ते मृतदेह. ईव्ह ऑनलाइन या अवकाशातल्या गेममध्ये वैमानिकाचं जहाज फुटलं आणि मग त्याची जीवरक्षक कुपीही फुटली, की त्याचा गोठलेला देह अवकाशात तरंगत राहतो. त्यावर त्याचं नाव असतं. तो उचलून आपल्या जहाजात ठेवता येतो. बड्या आघाड्यांचे सेनापती, गाजलेले चाचे, नावाजलेले व्यापारी, अशांचे देह जमवणारे लोक तिथे आहेत, आणि बाहेरून विचित्र वाटलं तरी तो अतिशय काटेकोर संग्रह आहे. कारण त्या गेममध्ये किलमेलही असतो. कुणाचं जहाज, कुठल्या सौरमंडळात, किती वाजता, कुणी पाडलं आणि त्यावर काय काय बसवलेलं होतं, हे सगळं त्यात येतं. देह आणि किलमेल शेजारी ठेवले की पुरावा पुरा झाला. कुठल्याही संग्रहालयाला हेवा वाटावा अशी ही व्यवस्था आहे, आणि ती खेळाचा सहज भाग म्हणून चालते. जानेवारी २०१४ मध्ये त्या गेममधल्या बी-आर५आरबी या सौरमंडळात झालेल्या महायुद्धानंतर तर कंपनीने टायटन या अवाढव्य जहाजांचे भग्नावशेष त्या जागी कायमचे ठेवले. इतिहास आपल्याच गेममध्ये घडतो आहे, हे ज्यांना कळलं त्यांनी असं केलं.

याच्या उलट टोकाला रूनस्केपमधली पार्टीहॅट. २००१ च्या नाताळात ‘ख्रिसमस क्रॅकर’ (दोघांनी ओढून फोडायची भेटीची नळी) फोडून मिळालेल्या या कागदी टोप्या पुढे त्या गेममधली प्रतिष्ठेची खूण झाल्या. झेझिमा या तिथल्या गाजलेल्या खेळाडूचं नाव त्या काळात खेळलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण त्याच्या डोक्यावर होती ती टोपी आज कुणाकडे असेल तर त्या माणसालाही ते ठाऊक नसणार. एक निळी टोपी म्हणजे दुसरी निळी टोपी; तिथल्या वस्तूला स्वतःची अशी वेगळी ओळखच दिलेली नाही. तिथे आमच्यासारख्यांना काही करता येत नाही.

काउंटर-स्ट्राइकमधल्या स्टॅटट्रॅकबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे होणारं नुकसान टाळता येण्याजोगं आहे. स्टॅटट्रॅक बंदुकीवर किती किल झाले याचा छोटा आकडा बंदुकीवरच दिसतो. खेळाडू एकच बंदूक वर्षानुवर्षं वापरतो आणि आकडा हजारोंत जातो. ती बंदूक ट्रेडने दुसऱ्याकडे गेली किंवा बाजारात विकली, की आकडा शून्य होतो. यामागचं कारण मला पटतं. दुसऱ्याचे किल आपले म्हणून मिरवता येऊ नयेत. पण त्यासाठी जुना आकडा नष्ट करायची काय गरज? नव्या मालकाचं मोजमाप शून्यापासून सुरू होऊ द्या, आणि आधीचा आकडा बंदुकीच्या माहितीत एका ओळीत राहू द्या: अमुक खेळाडूकडे असताना इतके. तो आकडा म्हणजे त्या खेळाडूचा सराव आहे, हरलेल्या आणि जिंकलेल्या रात्री आहेत. मी अशा बंदुका घेणं जवळजवळ सोडून दिलंय, कारण ट्रेड स्वीकारण्याचं बटण दाबतानाच मी ज्या गोष्टीसाठी ती घेतोय तीच पुसतोय, हे मला सहन होत नाही. नेमटॅगचंही तसंच. खेळाडूने बंदुकीला ठेवलेलं नाव पुढचा मालक एका क्लिकमध्ये काढू शकतो. काढू दे, पण आधी काय नाव होतं ते इतिहासात राहू दे.

नकलांचाही हिशेब द्या. एके काळी फसवणूक झालेल्या माणसाला त्याची वस्तू परत मिळायची ती हुबेहूब दुसरी तयार करून, आणि चोरीची मूळ वस्तू तोवर भलत्याच प्रामाणिक माणसाकडे पोचलेली असायची. त्यामुळे फ्लोट, नमुना, स्टिकर सगळं सारखं असलेल्या दोन-दोन, कधी त्याहून जास्त वस्तू आजही फिरत आहेत. यात खरी कोणती हे आम्ही बाहेरून कधीच ठरवू शकणार नाही. तुम्ही ठरवू शकता.

तुमच्याकडून येणारे दोन आक्षेप मला माहीत आहेत, आणि दोन्ही वाजवी आहेत.

पहिला खासगीपणाचा. प्रत्येक वस्तूमागे मालकांची यादी उघडी पडली, तर कुणाकडे काय आहे हे चोरांना आयतं कळेल, आणि खेळाडूंना त्रास होईल. म्हणूनच मी परवानगीचा आग्रह धरतो. नाव न देणाऱ्याच्या जागी नुसता ‘एक खेळाडू’ आणि तारखा एवढंच दिसावं. नाव द्यायचं ते गेममधलंच असावं, खरं नाही. परवानगी नंतर काढून घेता यावी. आणि सध्याचा मालक तर कुणालाच दिसायची गरज नाही, मला आधीचे हवे आहेत.

दुसरा पैशाचा. नावाजलेल्या माणसाची म्हणून किंमत वाढेल, सट्टा वाढेल, मुलं त्यात ओढली जातील. ही काळजी खरी आहे. २०१८ मध्ये बेल्जियमने लूट बॉक्सना, म्हणजे आत काय निघेल हे नशिबावर असलेल्या विकतच्या पेट्यांना, जुगार ठरवलं ते उगाच नाही, आणि मी त्या निर्णयाच्या बाजूचा आहे. पण आज किंमत वाढते ती नोंद आहे म्हणून नव्हे, तर नोंद नसल्यामुळे कुणीही काहीही दावा करू शकतो म्हणून. तरीही धोका कमी करायचा असेल तर संग्राहकाला एक सोय द्या: वस्तू कायमची ‘संग्रहात’ टाकायची, मग ती विकता येणार नाही, फक्त दाखवता येईल किंवा दुसऱ्या संग्रहाला विनामूल्य सोपवता येईल. अशी सोय आली तर माझ्याकडच्या सगळ्या वस्तू मी त्याच दिवशी त्यात टाकीन.

खरं तर पैशाची गोष्ट तुम्ही नाकारू शकत नाही. एन्ट्रोपिया युनिव्हर्स या गेममधला एक आभासी लघुग्रह नेव्हरडाय या नावाने खेळणाऱ्या जॉन जेकब्सने २००५ मध्ये एक लाख डॉलरना घेतला, तिथे आपल्या नावाचा क्लब उभारला, आणि २०१० मध्ये तो तुकड्या-तुकड्यांनी मिळून ६ लाख ३५ हजार डॉलरना विकला. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये, रूनस्केपमधला एक मुखवटा आणि एक ताईत एका मुलाकडून मारहाण करून हिसकावणं ही चोरीच आहे, असा निकाल दिला. वस्तू खरी आहे हे न्यायालयांनी मानलं. तिचा इतिहास खरा आहे हे तुम्ही मानायचं बाकी आहे.

खेळाडू गेल्यानंतरचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. रेकफुल या नावाने जगभर ओळखला जाणारा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा खेळाडू बायरन बर्नस्टाइन जुलै २०२० मध्ये गेला. ब्लिझार्ड कंपनीने त्या गेममध्ये, स्टॉर्मविंड शहराच्या कॅथेड्रलात, त्याच्या नावाचा ‘रोग’ (Rogue) ट्रेनर, म्हणजे त्या वर्गाच्या पात्रांना शिकवणारा प्रशिक्षक, उभा केला. चाहते तिथे जाऊन थांबतात. हे फार आपुलकीने केलेलं काम आहे आणि त्याबद्दल मी ऋणी आहे. पण अशी स्मारकं फार थोड्यांची होतात. बाकीच्यांची खाती करारानुसार कुणाला देता येत नाहीत. स्टीमचा करारही हेच म्हणतो. पासवर्ड घरच्यांना माहीत नसतो, आणि त्या खात्यातल्या वस्तू कुणाच्याही हाती न येता तशाच पडून राहतात. निदान अशा खात्यांना स्मृतिखातं करा. घरच्यांनी संमती दिली तर त्यातल्या वस्तू पाहता याव्यात, हलवता येऊ नयेत. त्या मला नकोत. त्या जागच्या जागी असाव्यात एवढंच वाटतं.

आणि गेम बंद होतो तेव्हा काय? स्टार वॉर्स गॅलेक्सीज १५ डिसेंबर २०११ ला बंद झाला, सिटी ऑफ हीरोज ३० नोव्हेंबर २०१२ ला. त्या जगांत लोकांनी उभारलेली घरं आणि संग्रह सर्व्हरबरोबर गेले. सिटी ऑफ हीरोजच्या बाबतीत पुढे जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने चाहत्यांच्या सर्व्हरला रीतसर परवाना दिला, म्हणजे मनात आणलं तर वाट निघते. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाने २०१२ मध्ये १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यात ईव्ह ऑनलाइन होता. गेम जपायला संस्था तयार आहेत. सर्व्हर बंद करण्याआधी वस्तूंची आणि त्यांच्या मालकांच्या परवानगीने नावांची यादी अशा एखाद्या संस्थेकडे सोपवा. चालू गेम द्या असं मी म्हणत नाही. यादी द्या.

सुरुवात सगळीकडे एकदम करायची गरज नाही. एखाद्या मोठ्या स्पर्धेपासून करा. खेळाडूंकडून नोंदणीचे कागद भरून घेताना एक रकाना वाढवा: या स्पर्धेत वापरलेल्या माझ्या वस्तूंवर माझं नाव राहावं, हो की नाही. ‘हो’ म्हणणाऱ्यांच्या वस्तूंवर स्पर्धेचं नाव, तारीख आणि उसनी की स्वतःची, एवढं नोंदवा. जुन्या वस्तूंचे पुरावे आमच्याकडे आहेत: डेमो, स्क्रीनशॉट, फ्लोटच्या याद्या, ट्रेडच्या पावत्या. ते तुमच्या नोंदींशी पडताळून पाहायला आम्ही मंडळी विनामोबदला बसायला तयार आहोत. ज्या कंपनीला हे करून पाहायचं असेल तिने तशी जाहीर घोषणा करावी, आम्ही आमचे पुरावे घेऊन येतो.

उत्तराची वाट पाहतो. कळावे.

आपला नम्र,
एक संग्राहक